पेटी उघडण्याआधी: ऋतुपेटीसोबतचं माहितीपत्रक

देशोदेशीचे सण त्यांच्या ऋतूंतून समजावणारी ही पेटी मुलांच्या हातात देण्याआधी दहा मिनिटं काढून एवढं वाचून घ्या. पेटीत काय आहे यापेक्षा काय नाही, याचीच विचारणा आमच्याकडे जास्त होते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आत मुखवटे, पोशाख, देशोदेशीचे छोटे झेंडे यांतलं काहीही नाही. पहिल्या वर्षी आम्ही तेही करून पाहिलं होतं. मुलं खूश होती, कागदी टोप्या घालून फोटो निघाले. आठवड्याने विचारलं तेव्हा टोपी सगळ्यांच्या लक्षात होती. पण टोपी ज्या सणाची, तो सण नेमका त्याच दिवसांत का येतो, हे एकालाही सांगता येईना. येणार कुठून? आम्हीच सांगितलं नव्हतं.

आता पेटीतलं प्रत्येक कार्ड एकाच प्रश्नाने सुरू होतं: हा सण आत्ताच का? उत्तर बहुतेक वेळा घराबाहेर असतं: आकाशात, शेतात, नाहीतर पक्ष्यांच्या येण्याजाण्यात. ते एकदा कळलं की पोशाख आणि पदार्थ मुलं आपणहून विचारतात.

चाक कसं वापरायचं

पेटीत सगळ्यात वर पुठ्ठ्याचं चाक आहे. कडेला वर्षाच्या ३६५ खुणा, ऋतूंप्रमाणे चार रंगांत. मध्ये एक फिरता बाण. चंद्राचे बारा महिने मिळून सुमारे ३५४ दिवस होतात, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा कमी. इस्लामी पंचांग या चंद्राच्या महिन्यांवरच चालतं, म्हणून बाण या वर्षीच्या रमजानच्या पहिल्या दिवसावर ठेवा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी अकरा खुणा मागे सरकवा. साधारण ३३ वर्षांत पूर्ण फेरा होतो. लहानपणी हिवाळ्यातल्या छोट्या दिवसांत रोजे धरलेला माणूस पुढे तेच रोजे उन्हाळ्यातल्या लांबलचक दिवसांत धरतो, हे चाकावर डोळ्यांनी दिसतं. २०३० सालापर्यंत बाण नेऊन बघा: जानेवारीत एकदा आणि डिसेंबर सरता सरता पुन्हा, अशी एकाच वर्षात रमजानची सुरुवात दोनदा होते. मुलांना हे आधी सांगू नका, सापडू द्या. ईदचं कार्ड कुठल्याही ऋतूच्या कप्प्यात नाही, चाकासोबत ठेवलंय, ते याचसाठी.

काही पंचांगांना असं फिरणं परवडत नाही. ज्यूंचा पासोव्हर हा सण वसंतातच यायला हवा, म्हणून त्यांच्या पंचांगात १९ वर्षांत सात अधिक महिने घालतात. चिनी पंचांगही अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखतं, त्यामुळे त्यांचं नवं वर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या पलीकडे जात नाही. आणि मोठ्या मुलांसाठी खास कोडं म्हणजे ईस्टर. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार. सूर्य, चंद्र आणि आठवडा, तिघांनाही विचारून ठरणारी तारीख!

चाक उलटं केलंत तर मागे तेच महिने आणि उलटे ऋतू दिसतील. ही बाजू आमच्या चुकीतून आली. पूर्वी आमच्या एका कार्डावर ‘डिसेंबर म्हणजे हिवाळा’ असं ठामपणे छापलेलं होतं. दक्षिण गोलार्धात राहणाऱ्या एका आईने नम्रपणे कळवलं, की आमच्याकडे डिसेंबरात मुलं समुद्रात डुंबतात. बरोबरच होतं. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्यामुळे एका गोलार्धाला ऊन तिरपं मिळतं तेव्हा दुसऱ्याला जास्त सरळ. सूर्यापासूनच्या अंतरामुळे ऋतू होतात, असं मुलं हमखास सांगतात. तेव्हा एवढंच विचारा: पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, मग तेव्हा उत्तरेकडे थंडी कशी?

वसंताचा कप्पा

लाल-पांढऱ्या दोऱ्याची गुंडी बल्गेरियातल्या मार्तेनित्सासाठी आहे. १ मार्चला हा दोरा एकमेकांच्या मनगटावर बांधतात आणि करकोचा, भिंगरी किंवा मोहरलेलं झाड दिसेपर्यंत काढत नाहीत. दिसलं की दोरा झाडाच्या फांदीला बांधायचा. २०१७ साली युनेस्कोने या प्रथेची नोंद बल्गेरियासोबत रोमानिया, मोल्दोवा आणि उत्तर मॅसिडोनिया या देशांच्याही नावे केली. आम्हाला ही प्रथा फार आवडते, कारण सुरू होण्याची तारीख ठरलेली आणि संपण्याची पक्ष्याच्या मर्जीवर. तुमच्या भागात करकोचा येत नसेल तर मुलांनी आपला पक्षी किंवा झाड आधी ठरवून घ्यावं. मग बघा, खिडकीशी किती वेळ जातो.

गव्हाची पुडी इराणी नवरोजसाठी. नवं वर्ष सुरू होतं ते वसंतसंपाताच्या, म्हणजे वसंतात दिवस आणि रात्र सारखे होतात त्या क्षणाला. तो क्षण रात्री अडीचला आला तर अडीचला, आणि अनेक घरांत सगळे त्या वेळी जागे असतात. समोर मांडलेलं असतं हफ्त-सीन, म्हणजे फारसीतल्या ‘सीन’ या अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तू: हिरवे अंकुर, सफरचंद, लसूण, व्हिनेगर, सुमाक (एक आंबट मसाला), सेंजेदची फळं आणि अंकुरलेल्या गव्हाचा समनू. (सातांपैकी सफरचंद मराठीतही ‘स’चंच आहे. बाकीचे सहा मुलांनी आपले शोधावेत.) गहू दोन आठवडे आधी भिजवा. तेराव्या दिवशी घराबाहेर सहलीला जाऊन हे अंकुर वाहत्या पाण्यात सोडतात.

थंडीचा कप्पा: मातारिकी

मराठी वाचणाऱ्या घरांसाठी हा कप्पा सगळ्यात सोपा. मातारिकी म्हणजे आपल्या ओळखीच्या कृत्तिका. न्यूझीलंडमध्ये ऐन हिवाळ्यात, जून-जुलैमध्ये, पहाटे हा तारकापुंज ईशान्येकडे पुन्हा दिसू लागतो, तेव्हा तिथल्या मूळच्या माओरी लोकांचं नवं वर्ष सुरू होतं. २०२२ पासून तिथे या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते.

माओरींमध्ये किती तारे मोजायचे यावर एकमत नाही. काही समाज सात मोजतात, काही नऊ. आमच्या कार्डावर नऊ आहेत. वाइती गोड्या पाण्याची, वाइता समुद्राची, वाइपुनारांगी पावसाची, उरुरांगी वाऱ्यांची. तुपुआनुकू मातीत पिकणाऱ्या अन्नाची, तुपुआरांगी झाडांवरून आणि पक्ष्यांकडून मिळणाऱ्या अन्नाची. हिवाकडे नव्या वर्षाच्या इच्छा सांगायच्या. पोहुतुकावा हा तारा वर्षभरात गेलेल्या माणसांचा, त्याच्याकडे पाहून त्यांची नावं घेतात. आणि मातारिकी ही आई. पहाटे तारे जसे स्पष्ट किंवा धूसर दिसतील तसं येणारं वर्ष जाईल, असा अंदाज बांधण्याची रीत आहे. मुलांना नऊ नावं पाठ करायला लावू नका. एका निरभ्र रात्री कृत्तिका दाखवा आणि विचारा, तुला किती दिसतात?

शरदाचा कप्पा

मेक्सिकोतला मृतांचा दिवस, १ आणि २ नोव्हेंबर. ‘लहान मुलांना मरणाबद्दल कशाला?’ असं काही पालक विचारतात. आमचं म्हणणं असं, की मुलं हा प्रश्न विचारतातच, फक्त आपली उत्तराची तयारी नसते. या दिवसांत गेलेले परत भेटीला येतात असं मानून घरात फोटो, त्यांच्या आवडीचे पदार्थ आणि झेंडूची फुलं मांडतात. झेंडूच्या रंगाने आणि वासाने त्यांना वाट सापडते अशी समजूत आहे. झेंडू मूळचा तिकडचाच, मेक्सिकोचा. पेटीत त्याचं बी दिलंय. हा सण म्हणजे हॅलोविन नव्हे, भुताखेतांचा खेळ करू नका.

करून काय बघायचं, नुसतं बघायचं काय

बी पेरणं, दोरा वळणं, तारे मोजणं खुशाल करा. दुसऱ्याच्या प्रार्थना, मंत्र, पूजेची मांडणी हे हस्तकलेचे विषय नाहीत. तिथे चित्र बघावं, गोष्ट ऐकावी. शिक्षकांना एक विनंती: वर्गात त्या देशातलं मूल असेल तर त्याला उभं करून ‘तुमच्यात कसं करतात ते सांग’ म्हणू नका. त्याच्या घरी कदाचित तो सण करतही नसतील. कार्डांवर ‘सगळे लोक असं करतात’ असं वाक्य आम्ही कुठेही ठेवलेलं नाही. सापडलं तर कळवा, पुढच्या छपाईत काढू.

दोरा आणि बिया तीन वर्षांखालच्या मुलांपासून दूर ठेवा. लाल दोऱ्याचा रंग पहिल्या धुण्यात जातो.

रिकामं पाकीट

पेटीच्या तळाशी एक करडं पाकीट आहे आणि त्यात काही नाही. ते भरायचं राहिलेलं नाही, तेव्हा कृपया तक्रार नोंदवू नका. (दर वर्षी येतात.) हे पाकीट इंडोनेशियातल्या बाली बेटावरच्या न्येपी या सणाचं. बालीच्या पंचांगात वर्ष शकातच मोजतात आणि नवं शक वर्ष, बहुधा मार्चमध्ये, संपूर्ण शांततेने सुरू होतं. आदल्या रात्री ओगोह-ओगोह नावाच्या राक्षसांच्या प्रचंड प्रतिमा ढोलांच्या गजरात मिरवतात. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून चोवीस तास दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. रस्ते ओस, विमानतळही बंद.

पाकिटावर फक्त ‘एक तास’ एवढंच लिहिलंय. तो तास कुठला ते मुलांनी ठरवायचं. त्या तासात दिवे आणि पडदे बंद, मोबाइल पाकिटात. मोठ्यांचेसुद्धा. पाकिटाचं माप त्या हिशेबानेच ठेवलं आहे, चार फोन मावतात.