रिस्पॉन्सिव्ह इन्स्टॉलेशन (आर्किटेक्चरच्या शिक्षणातलं)

रिस्पॉन्सिव्ह इन्स्टॉलेशन म्हणजे कोणी जवळ आलं, हात पुढे केला, आवाज झाला किंवा हवेतला दमटपणा बदलला की आपणहून हलणारी, उघडमीट करणारी नाहीतर उजेड बदलणारी रचना. आर्किटेक्चरचे विद्यार्थी अशी रचना स्टुडिओत किंवा थोड्या दिवसांच्या वर्कशॉपमध्ये खऱ्या मापात उभी करतात. भाग लेझर कटर, सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या सूचनेवर लाकूड कोरणारं मशीन), थ्रीडी प्रिंटरवर बनतात आणि आत सेन्सर, मायक्रोकंट्रोलर (सेन्सरचं ऐकून मोटरला हुकूम देणारी चिप), मोटर बसतात. एरवी या विद्यार्थ्यांचं बहुतेक काम ड्रॉइंग आणि मॉडेलवरच थांबतं, इथे मात्र बनवलेली गोष्ट अनोळखी माणसांसमोर दिवसभर चालावी लागते, आणि या कामाचं खरं मोल त्यातच आहे.

रिस्पॉन्सिव्ह आणि इंटरॅक्टिव्ह हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, पण फरक आहे. पहिल्यात रचना ठरलेलं उत्तर देते, दुसऱ्यात देवाणघेवाण असते, म्हणजे रचनेचं वागणं बघून माणूस आपलं वागणं बदलतो आणि ते बघून रचना पुन्हा आपलं. ब्रिटिश सायबरनेटिशियन, म्हणजे यंत्रं आणि सजीव स्वतःचं वागणं कसं सावरतात याचे अभ्यासक, गॉर्डन पास्क यांनी १९६८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात टांगत्या आकृत्या मांडल्या होत्या, त्या प्रकाश आणि आरशांनी एकमेकींशी संवाद साधायच्या आणि बघणाऱ्यांनाही टॉर्च घेऊन त्यात शिरता यायचं. हेच पास्क आर्किटेक्ट सेड्रिक प्राइस आणि नाट्यदिग्दर्शिका जोन लिटलवूड यांच्या फन पॅलेस प्रकल्पातही होते. लोकांच्या गरजेप्रमाणे बदलणारी ती इमारत बांधली गेली नाही, पण आजही तिची ड्रॉइंग्ज बघितल्याशिवाय हा विषय नीट सुरू होत नाही. 'रिस्पॉन्सिव्ह आर्किटेक्चर' हा शब्द १९७० च्या दशकात एमआयटीच्या निकोलस निग्रोपॉन्टे यांच्यामुळे रुळला.

प्रत्यक्ष बांधलेल्यात सगळ्यात जास्त दाखवलं जाणारं उदाहरण पॅरिसच्या अरब वर्ल्ड इन्स्टिट्यूटचं, आर्किटेक्ट झां नुवेल आणि सहकाऱ्यांचं, १९८७ चं. दक्षिणेकडच्या भिंतीवर २४० पॅनेल, त्यात कॅमेऱ्याच्या लेन्ससारख्या झडपा, उन्हाप्रमाणे उघडणाऱ्या. पुढे त्यातल्या बऱ्याच झडपा बंद पडल्या, आणि विद्यार्थ्यांना हेही सांगायलाच हवं, कारण हलणारी गोष्ट झिजते आणि दुरुस्तीला हात पोचेल अशी जागा आधीच ठेवावी लागते.

विद्यार्थ्यांच्या हातात हे सगळं आलं ते साधनं स्वस्त आणि सोपी झाल्यावर. एमआयटीत नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ मध्ये 'जवळपास काहीही कसं बनवायचं' अशा अर्थाच्या नावाचा कोर्स सुरू केला, त्याच विचारातून पुढे फॅब लॅब, म्हणजे अशी मशीन लोकांना वापरू देणाऱ्या कार्यशाळा, आल्या. कलाकार-डिझायनरांसाठीची प्रोसेसिंग ही प्रोग्रामिंगची भाषा २००१ ची, आर्डुइनो हा मायक्रोकंट्रोलरचा सोपा बोर्ड २००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया गावच्या डिझाइन इन्स्टिट्यूटमधून आला, आणि ऱ्हायनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये चालणारं, आकडे बदलले की आकार बदलणारं डेव्हिड रटन यांचं ग्रासहॉपर त्यानंतर दोनेक वर्षांनी. मग फायरफ्लाय नावाच्या प्लगइनने ग्रासहॉपर थेट आर्डुइनोला जोडलं, म्हणजे स्क्रीनवरचा स्लायडर सरकवला की टेबलावरची मोटर फिरते. हे पहिल्यांदा बघताना वर्गात जी शांतता होते ती अनुभवण्यासारखी असते.

कापण्याचं काम बाहेरून सोपं वाटतं, फाइल दिली की भाग तयार. पण ३ मिमीचा प्लायवूड बरेचदा बरोब्बर ३ मिमी नसतोच, त्यात लेझरचा किरण स्वतः साधारण ०.१ ते ०.२ मिमी मटेरियल जाळून टाकतो, याला कर्फ म्हणतात. त्यामुळे ३ मिमीची काढलेली खाच प्रत्यक्षात ३.१५ ची होते आणि सांधा लुळा पडतो, असे दोनशे सांधे झाले की अख्खी रचना डुलायला लागते. म्हणून आधी कंगव्यासारखा एक नमुना कापतात, २.७, २.८, २.९ अशा खाचांचा, आणि ज्या खाचेत तुकडा अंगठ्याच्या दाबाने बसतो आणि उलटं धरलं तरी पडत नाही ते माप सगळ्या फाइलला देतात. शीट बदललं की नमुना पुन्हा कापायचा, हे टाळलं की हमखास पस्तावायला होतं. पीव्हीसी मात्र लेझरवर कधीच घालायचं नाही, त्यातून क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये सगळ्यांची पहिली ठेच एकच, आर्डुइनोच्याच पाच व्होल्टच्या पिनवरून दहा-बारा सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटर) चालवणं. एक सर्व्हो छान चालते म्हणून सगळ्या तशाच जोडतात, मग सगळ्या एकदम ओढल्या की व्होल्टेज कोसळतं, बोर्ड रीसेट होतो, सर्व्हो थरथरतात आणि पोरं रात्रभर कोडमधली चूक शोधत बसतात जी कोडमध्ये नसतेच. सर्व्होला वेगळी पॉवर सप्लाय द्यायची आणि दोन्हीकडचं ग्राउंड (वजा टोक) एकमेकांना जोडायचं, एवढंच. दुसरा घोळ सेन्सरचा. अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजतो, साधा सेन्सर २ सेंमीपासून ४ मीटरपर्यंत, पण जाड मऊ कपडे तो आवाज गिळतात त्यामुळे काही माणसं त्याला दिसतच नाहीत. शिवाय '१ मीटरच्या आत आलं की उघड' असं एकच अंतर ठेवलं तर बरोबर त्या रेषेवर उभ्या माणसासमोर झडप सारखी फडफडते, म्हणून उघडायचं ८० सेंमीला आणि मिटायचं ११० ला अशी दोन मापं ठेवतात.

पण खरं डिझाइन इथून पुढे सुरू होतं. सर्व्होला थेट ९० अंश सांगितलं तर ती झटक्यात फिरते आणि बघणारा दचकतो, तेच अंतर सुरुवातीला हळू, मध्ये जरा वेगात, शेवटी पुन्हा हळू असं तीन-चार सेकंदात कापलं तर तीच झडप श्वास घेतल्यासारखी वाटते. किती उशिरा उत्तर द्यायचं, कधी काहीच करायचं नाही, शेजारच्या पाकळीपर्यंत, म्हणजे रचनेतल्या तशाच दुसऱ्या हलत्या भागापर्यंत, हालचाल कशी पोचवायची, हे निर्णय आकारापेक्षा मोठे आहेत आणि ते स्क्रीनवर घेता येत नाहीत. एकच साधी हालचाल पन्नास वेळा नीट केलेली रचना पाच प्रकारच्या हालचालींच्या रचनेपेक्षा जवळपास नेहमीच सरस ठरते.

मोटरच लागते असंही नाही. आर्किटेक्ट फिलिप बीस्ली यांनी २०१० च्या व्हेनिस बिएनाले या आर्किटेक्चरच्या प्रदर्शनात कॅनडाच्या दालनात लेझर कट ॲक्रिलिकचं जंगल उभं केलं होतं, त्यातली पानं शेप मेमरी अलॉयच्या तारांनी हलायची. निकेल-टायटॅनियमची ही तार तापली की साधारण ४ टक्के आखडते, आवाज अजिबात नाही, पण थंड होऊन परत यायला वेळ घेते. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या आयसीडी या कॉम्प्युटेशनल डिझाइनच्या इन्स्टिट्यूटमध्ये आखिम मेंगेस आणि श्टेफेन राइशर्ट यांनी तर वीजच काढून टाकली. त्यांच्या २०१२ च्या हायग्रोस्कोप या रचनेत लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे भाग दमटपणाप्रमाणे आपोआप वळतात, कारण लाकूड रेषांच्या आडव्या दिशेला जास्त फुगतं. म्हणजे सेन्सर, मोटर आणि कोड, तिन्हींचं काम लाकूडच करतं, आणि मला या विषयातली सगळ्यात सुंदर कल्पना हीच वाटते. नेदरलँड्सच्या डेल्फ्टमधला हायपरबॉडी गट आणि लंडनच्या बार्टलेट या आर्किटेक्चर शाळेतली इंटरॅक्टिव्ह आर्किटेक्चर लॅब ही शिक्षणातली आणखी दोन महत्त्वाची नावं.

ग्रुपमध्ये एक अडचण नेहमी येते, ज्याला कोडिंग येतं त्याच्याच गळ्यात सगळं पडतं आणि बाकीचे कापायला-चिकटवायला उरतात. म्हणून काही ठिकाणी प्रत्येकाने एक पाकळी सर्किट आणि कोडसकट स्वतः पूर्ण करायची, मग सगळ्या एकत्र जोडायच्या, अशी पद्धत ठेवतात.

प्रदर्शन संपलं की बोर्ड आणि सर्व्हो काढून पुढच्या बॅचसाठी डब्यात जातात, प्लायवूड बहुतेक वेळा फेकलं जातं. उरतो तो व्हिडिओ, आणि तो रिकाम्या रचनेचा न काढता कोणीतरी लांबून चालत येतंय तिथपासून, मध्ये कट न करता काढतात, नाहीतर रचना कशाला उत्तर देत होती ते नंतर बघणाऱ्याला कळत नाही.