भाजलेलं सफरचंद फुटतं कशामुळे?

तासगाव पट्ट्यातल्या बेदाणा करणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको: द्राक्षं तोडून नुसती जाळीवर पसरली, तर ती लवकर वाळत नाहीत. मण्याच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो आणि तो आतलं पाणी धरून ठेवतो. म्हणून माल आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. मेणातून पाण्याला वाट होते आणि शेडवर दोनेक आठवड्यांत बेदाणा तयार होतो.

सफरचंदाच्या सालीवरही असंच मेण असतं. त्यात गूळ-बेदाणे भरून ते अख्खं भाजायचं, तर हे मेण आडवं येतं. सफरचंदात जवळपास पाव भाग हवाच असते, म्हणून तर ते पाण्यात तरंगतं. ओव्हनमध्ये ही हवा फुगते, गरातल्या पाण्याची वाफ होऊ लागते आणि दोन्हींना बाहेर पडायला जागा नसते. मग साल कुठेतरी उभी तडकते आणि गर फेसासारखा बाहेर येतो. उपाय अगदी सोपा आहे. सुरीच्या टोकाने फळाच्या कमरेभोवती एक गोल चीर द्या, फक्त साल कापली जाईल इतकीच, दीड-दोन मिलिमीटर खोल. फळ भाजताना ही चीर रुंदावत जाते आणि बाकीची साल शाबूत राहते.

फळ कोणतं घेता, यावर अर्धं काम ठरतं. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. उष्णतेने तो विरघळतो, म्हणूनच फळ मऊ होतं. पुरेसं आम्ल असेल तर तो सावकाश विरघळतो. त्यामुळे आंबट, घट्ट हिरवं सफरचंद भाजून आकार धरतं. गोल्डन जातीचंही चांगलं टिकतं. लाल डेलिशियस गोड, पण आम्लाला कमी. ते लवकर बसतं. त्यातून मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येणारा माल बहुतेक शीतगृहातला. तो पिठूळ झालेला असेल तर भाजायला घेऊच नका. त्यात पेशींचा सांधा आधीच सुटलेला असतो, ओव्हनमध्ये नुसता लगदा होतो. अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडला, तर ते फळ परत ठेवा.

चार सफरचंदांना (प्रत्येकी १८० ते २०० ग्रॅम) ४० ग्रॅम बेदाणे, ४० ग्रॅम चिरलेला गूळ, २० ग्रॅम अक्रोडाचे तुकडे, चार चमचे तूप, अर्धा चमचा दालचिनी पूड, चिमूटभर मीठ आणि एका लिंबाचा रस लागतो. बेदाणे कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवून निथळून घ्या. कोरडा बेदाणा वरच्या आचेत करपतो आणि कडू लागतो. देठाच्या बाजूने गाभा पोखरताना तळाशी एक सेंटिमीटर गर राहू द्या. तळाला भोक पडलं, तर पातळ झालेला गूळ ट्रेमध्ये उतरून जळतो. पोखरलेल्या जागी लगेच लिंबू चोळा. फळ काळं पडत नाही आणि डेलिशियसला हवं ते आम्लही मिळतं. सारण काठोकाठ भरा पण दाबू नका, आणि प्रत्येकावर चमचाभर तूप सोडा.

ट्रेमध्ये अर्धा कप पाणी घाला. ओटीजी १८० अंशांवर १० मिनिटं तापवून घ्या. पहिली २० मिनिटं वर फॉइल झाका, मग ते काढून आणखी २० ते २५ मिनिटं भाजा. मध्ये दोनदा ट्रेमधला रस चमच्याने फळांवर सोडा. घाई म्हणून तापमान २२० वर नेऊ नका. सफरचंदात ८५ टक्के पाणी असतं, त्यामुळे गर १०० अंशांच्या फारसा वर जातच नाही. आत शिजायला तेवढाच वेळ लागतो, वर मात्र गूळ करपतो. बारीक सुरी गरात सहज शिरली, पण फळ ताठ उभं आहे, अशा वेळी बाहेर काढा. ट्रेमध्ये ते थोडं शिजत राहतंच.

ओटीजी नसेल तर जाड कढईत स्टँड ठेवून, झाकण लावून मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं भाजता येतं. झाकणाला आतून सुती फडकं बांधा, म्हणजे वाफेचे थेंब सारणावर पडणार नाहीत. फडक्याची टोकं मात्र वर घ्या, आचेजवळ लोंबू देऊ नका. नॉनस्टिक कढई कोरडी तापवू नका. या पद्धतीत वर तांबूस रंग येत नाही, चवीत मात्र फारसं उणं राहत नाही.

सोबत गार बासुंदी किंवा साय छान लागते. पण गरम फळावर दूध ओतू नका, सफरचंदातल्या आम्लाने ते फाटतं. ट्रेमधला रस फेकू नका. त्यात गुळासोबत फळातून सुटलेलं पेक्टिनही असतं. लहान पातेल्यात तो तीन-चार मिनिटं उकळा आणि चमच्याला लागायला लागला की उतरवा. गार झाल्यावर तो आणखी दाट होतो, म्हणून गरम असताना जरा पातळच हवा.