सागरगोट्यांचा डाव आणि भागाकार

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी आमच्या खान्देशात ओट्यावर सागरगोट्यांचा डाव रंगतो. आधी एकेक गोटा उचलायचा, जमलं की दोन-दोन, मग तीन. गोटा निसटला की डाव दुसरीकडे. पुन्हा पाळी आली की अडलो तिथूनच सुरुवात. आठ वर्षांची पोर वीसदा चुकते, तरी उठत नाही. हीच पोर भागाकार दोनदा चुकला की वही का मिटते?

ओट्यावर चूक त्याच क्षणी कळते आणि तिची किंमत एका पाळीपुरती असते. चाचणीचा पेपर आठवड्याने हाती येतो. तोवर आपण काय विचार केला होता, हेच विसरलेलं असतं.

मेंदूचंही तसंच आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन (पेशी-पेशींत निरोप नेणारं रसायन) सोडणाऱ्या पेशी तपासल्या. अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की त्या पेशी उसळत. रस कधी मिळणार हे खुणेवरून कळू लागलं, की रस मिळूनही त्या शांत राहत. आणि ठरलेला रस चुकला तर मंदावत. म्हणजे त्या अंदाज आणि अनुभव यांतला फरक मोजत होत्या. हमखास जिंकायचा डाव कंटाळवाणा का होतो, याचा एक धागा मला इथे दिसतो. जमेल की नाही, अशा काठावरची पायरीच मुलाला धरून ठेवते.

पण शाळेत ‘खेळ’ आणायचा म्हटलं की आपण आधी चांदण्या आणि बक्षिसं आणतो. हे मला मनापासून खटकतं. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली चित्रकलेची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना बक्षीस आधीच कबूल केलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्रं कमी काढू लागली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. आवडीचं काम मोबदल्याचं झालं, की मोबदल्यामागे आवडही जाते.

त्यापेक्षा तीन रिकामे डबे घ्यावेत. सोप्या, मधल्या आणि अवघड गणितांच्या चिठ्ठ्या त्यांत टाकाव्यात: ‘घडात ९ सारख्या फण्या, एकूण १२६ केळी, तर एका फणीत किती?’ डबा मुलाने स्वतः निवडायचा. चिठ्ठीच्या मागे लिहिलेल्या उत्तराशी जोडीदाराने लगेच पडताळायचं. चुकलं तर गुण कापायचे नाहीत, चिठ्ठीवर एक टिंब देऊन ती परत डब्यात टाकायची. संध्याकाळी बाईंनी सगळ्यांत जास्त टिंबांची चिठ्ठी शोधावी आणि दुसऱ्या दिवशीचा तास तिथूनच सुरू करावा.