चिकटण्याचा इतिहास: रेमोरा, कालवं आणि माकूल

मुशी किंवा पाकट उतरवताना कोकणातल्या बंदरावर मधूनच एक लांबट, काळसर मासा हाती लागतो. डोक्यावर चपलेच्या तळासारखी खाचाखाचांची लंबगोल चकती. हा रेमोरा. मोठ्या माशांना, कासवांना, प्रसंगी होडीच्या बुडालाही तो चिकटतो आणि फुकटात प्रवास करतो. चकतीतल्या पट्ट्या उचलल्या की खालचा दाब उतरतो. पट्ट्यांवरचे बारीक काटे मागच्या बाजूला झुकलेले असतात, त्यामुळे शेपटीला धरून ओढाल तर तो आणखी घट्ट बसतो. पुढे सरकवला की सुटतो. ही चकती म्हणजे मुळात पाठीवरचा पर. तो पिढ्यानपिढ्या पुढे सरकत डोक्यावर आला, हे २०१३ मध्ये एका जुन्या जीवाश्माच्या अभ्यासातून स्पष्ट झालं.

पाण्याखालच्या या पकडीबद्दलचा एक जुना लेखी किस्सा मात्र निव्वळ थाप आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की इ.स.पू. ३१ मधल्या ॲक्टियमच्या आरमारी लढाईत रोमन सेनापती अँटनीचं जहाज या चिमुकल्या माशाने रोखून धरलं. त्या मानाने क्युबाचे कोळी व्यवहारी. रेमोराच्या शेपटीला दोरी बांधून ते कासवं पकडत, असं कोलंबसच्या १४९४ च्या सफरीच्या वृत्तांतात आहे.

प्लिनीला फार हसूही नये. हवेला दाब असतो हेच १६४३-४४ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्लीच्या पाऱ्याच्या नळीने दाखवलं, आणि पुढच्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ गेरिकेचे हवा काढलेले अर्धगोल घोडे जुंपूनही सुटेनात. तेव्हा कुठे समजलं की शोषण ओढत नाही. आत दाब कमी झाला की बाहेरचा दाब वस्तूला दाबून धरतो. पाण्यात हा बाहेरचा दाब दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो.

कोडं सुटलं आणि मग जे जे चिकटतं ते ते शोषूनच, असा सोपा समज पसरला. कोकणात ओहोटीला खडपावर जाणाऱ्या बायकांना तो कधीच पटला नसता. कालव जन्मभरासाठी दगडाशी जोडलेलं असतं, म्हणून तर वरची शिंप फोडून मांस काढावं लागतं. त्याच्याच शेजारी शंकूच्या आकाराची लिंपेट ही गोगलगाय असते. बेसावध असताना बाजूने टोला दिला तर ती सुटते. नुसतं बोट लावून सावध केलीत, तर मग विसरा. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूरने १७११ मध्येच तिच्या पकडीचं श्रेय चिकट द्रावाला दिलं होतं. पुढे वाद चालूच राहिला. १९९२ मध्ये ॲन्ड्र्यू स्मिथ या संशोधकाने किनाऱ्यावरच मोजमाप केलं, तेव्हा दोन्ही पक्षांचं थोडं थोडं खरं ठरलं. भरतीला चरायला फिरताना ती बहुधा शोषून धरते, ओहोटीला एका जागी बसली की डिंकासारखा द्राव वापरते.

तारामाशाच्या बाबतीत निकाल पूर्ण फिरला. त्याच्या पायनळ्या (पायांचं काम करणाऱ्या बारीक नळ्या) शोषून धरतात असं पाठ्यपुस्तकांत पिढ्यानपिढ्या छापलं गेलं. २०१२ च्या सुमारास बेल्जियममधल्या अभ्यासकांनी दाखवलं की काम मुख्यतः चिकट स्रावाचं आहे. पुस्तकं अजून पुरती सुधारलेली नाहीत.

ऑक्टोपस मात्र खराखुरा शोषणारा. त्याच्या हातांवरच्या चूषकाची, म्हणजे शोषून धरणाऱ्या वाटीची, मऊ कड दगडाच्या उंचसखलपणात बसते आणि आतली पोकळी स्नायूंनी ताणली जाते. हवेत आतला दाब फार तर शून्यावर येतो, म्हणून पकड एका वातावरणापुरतीच; पाणी मात्र ताणाला सहज तुटत नाही, म्हणून ही मर्यादा त्याला लागू पडत नाही; हे स्मिथनेच १९९१ मध्ये मोजून दाखवलं. माकूल (स्क्विड) साफ करताना चूषकांतून नखाला टोचणारी कडक, दातेरी कडी निघतात. ऑक्टोपसला ती नसतात. दगडावर बसणाऱ्याला मऊ कड पुरते. माकूल मात्र पळणारं, निसटणारं भक्ष्य धरतं.

खडबडीत पृष्ठभाग हीच शोषणाच्या पकडीची खरी अडचण. आंघोळीच्या खोलीतला रबरी हूक गुळगुळीत फरशीवर टिकतो, सच्छिद्र जांभ्यावर हवा आत शिरून लगेच सुटेल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लिंगफिश या छोट्या माशाची चकती खरखरीत दगडावरही टिकते, कारण तिच्या कडेला अतिसूक्ष्म केसांची झालर असते. २०१३ मधल्या प्रयोगांत त्याने स्वतःच्या वजनाच्या ८० ते २३० पट ओढ सहन केली.