मुथुस्वामी अय्यर, सर तिरुवारूर

(२८ जानेवारी १८३२ – २५ जानेवारी १८९५). मद्रास उच्च न्यायालयाचे पहिले भारतीय न्यायाधीश. एकोणिसाव्या शतकात अपिलाच्या कामात ज्या भारतीय न्यायाधीशांनी आपला ठसा उमटवला, त्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे. तंजावर जिल्ह्यातील वुचुवाडी येथे एका गरीब तमिळ ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. जिल्ह्याचा कारभार तेव्हा इंग्रजांकडे गेलेला होता आणि भोसले घराण्याची सत्ता तंजावरच्या किल्ल्यापुरती उरली होती. वडील लवकर वारले. आई त्यांना घेऊन तिरुवारूरला आली. तिथे लहान वयातच त्यांनी महिना एक रुपया पगारावर गावच्या हिशेबनिसाच्या हाताखाली काम धरले. आपल्याकडचा कुलकर्णी जे दप्तर सांभाळत असे, तेच तमिळ मुलुखात कर्णमकडे असे: कोणाची किती जमीन, पाणी कोणत्या पाटाचे, सारा किती भरला, थकला किती.

मुथुस्वामी नायक या तहसीलदारांनी या मुलाची हुशारी हेरली. त्यांच्या मदतीने नागपट्टणमच्या मिशन शाळेत आणि पुढे मद्रासला त्यांचे शिक्षण झाले. १८५४ मध्ये इंग्रजी निबंधासाठी त्यांना ५०० रुपयांचे बक्षीस मिळाले. मग शिक्षक, महसूल खात्यातील नोकर आणि शाळांचे उपनिरीक्षक अशा नोकऱ्या करत ते न्यायखात्याच्या परीक्षेला बसले. १८५९ मध्ये तरंगंबाडी येथे जिल्हा मुनसफ (सर्वांत खालच्या दिवाणी कोर्टाचे न्यायाधीश) म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यानंतर ते डेप्युटी कलेक्टर झाले, दक्षिण कानड्यात न्यायाधीश झाले, १८६८ पासून मद्रास शहरात पोलीस मॅजिस्ट्रेट आणि पुढे स्मॉल कॉज कोर्टाचे, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या कोर्टाचे, न्यायाधीश झाले. कायद्याची पदवी त्यांनी नोकरीत असतानाच मिळवली.

बॅरिस्टर होऊन थेट उच्च न्यायालयात बसणाऱ्या इंग्रज न्यायाधीशांना हा अनुभव नव्हता. अपिलात साक्षीदार समोर नसतो, असतात ते कागद. खालच्या कोर्टाने जबाब कसा उतरवून घेतला, मुद्दे कसे काढले, जमिनीचा कोणता उतारा पुराव्याचा कागद (निशाणी) म्हणून दाखल झाला आणि कोणता राहून गेला, हे त्या कागदांवरूनच ओळखावे लागते. असे कागद अय्यर यांनी पायरीपायरीने स्वतः तयार केले होते.

त्या काळच्या अपिलांची रचना समजून घेतल्याशिवाय त्यांचे काम नीट कळत नाही. मद्रास दिवाणी न्यायालयांच्या १८७३ च्या कायद्याने मुनसफाला २,५०० रुपयांपर्यंतचे दावे चालवता येत. त्याच्या निकालावर अपील जिल्हा न्यायालयात होई. दुय्यम न्यायाधीशापुढचा दावा ५,००० रुपयांवरचा असला, तर अपील सरळ उच्च न्यायालयात जाई. १८७७ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत आणि उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील दाखल करावे लागे. हुकूमनाम्याची, म्हणजे निकालाच्या आदेशाची, नक्कल मिळण्यात गेलेला काळ त्यातून वजा होई. पक्षकार अनेकदा इथेच अडकत. नक्कल उशिरा मागितली तर तो उशीर वजा होत नसे, आणि मुदत गेली की अपिलात कितीही जोर असला तरी ते बुडे.

दुसरे अपील, म्हणजे खालच्या न्यायालयाने अपिलात दिलेल्या निकालावर उच्च न्यायालयात केलेले अपील, त्याहून अवघड. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याला तीनच वाटा होत्या: निकाल कायद्याच्या किंवा कायद्याइतक्या बळकट रूढीच्या विरुद्ध असणे, कायद्याचा किंवा तशा रूढीचा महत्त्वाचा मुद्दा ठरवायचा राहून जाणे, किंवा कामकाजात निकालावर परिणाम करणारी मोठी चूक होणे. लहान रकमांच्या, ५०० रुपयांपर्यंतच्या, काही प्रकारच्या दाव्यांत दुसरे अपील मुळीच नव्हते. पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष कितीही चुकीचा दिसला तरी दुसऱ्या अपिलात तो बदलता येत नाही, असे १८९० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, बजावले. साहजिकच, खालच्या कोर्टाने मुद्दाच चुकीचा काढला की नाही, हे ओळखण्यावर सारे येऊन ठेपे. अशा वेळी उच्च न्यायालय ठरावीक मुद्दे खाली पाठवून त्यांवर निष्कर्ष मागवू शके. सबंध दावा परत पाठवण्याची मुभा मात्र खालच्या कोर्टाने तो एखाद्या प्राथमिक मुद्द्यावर निकालात काढला असेल, तेव्हाच होती.

अय्यर यांच्या उच्च न्यायालयावरील १८७८ मधील नेमणुकीवर मद्रासच्या इंग्रजी मालकीच्या वृत्तपत्रांनी कडाडून टीका केली. तिला उत्तर देण्यासाठी सहा तरुणांनी उसने घेतलेल्या एक रुपया बारा आण्यांत ८० प्रती छापून २० सप्टेंबर १८७८ रोजी ‘द हिंदू’ हे साप्ताहिक सुरू केले. मुंबईत नानाभाई हरिदास १८७३ मध्ये हंगामी न्यायाधीश झाले होते, पण त्यांना कायमपद मिळायला १८८४ उजाडले.

अय्यर यांच्या निकालांपैकी मठांच्या मालमत्तेविषयीचा १८७९ चा निकाल (सम्मंथ पंडार विरुद्ध सेल्लप्पा चेट्टी) आजही वाचण्याजोगा आहे. मठ कसे निर्माण झाले आणि शिष्यपरंपरा कशी चालते, याचा मागोवा घेत त्यांनी मठाधिपतीचे स्थान ठरवले. मालमत्ता पदाला जोडलेली असते, ते पद न धारण करणाऱ्या वारसाकडे ती जात नाही. ती एका अर्थाने विश्वस्त मालमत्ता असली तरी उत्पन्नाच्या विनियोगात मठाधिपतीला मोठे स्वातंत्र्य असते. फक्त तो खर्च मठाच्या उद्दिष्टांना धरून असला पाहिजे. इंग्लंडमधील ट्रस्टची चौकट जशीच्या तशी उचलण्याचा मोह त्यांनी टाळला. निकालाचे खरे मोल त्यातच आहे, आणि म्हणूनच पुढच्या पिढ्यांतील न्यायाधीश त्याचा आधार घेत राहिले.

१८९१ मध्ये नेमलेल्या मलबार विवाह आयोगाचे ते अध्यक्ष होते. मरुमक्कत्तायम, म्हणजे आईच्या बाजूने वंश आणि वारसा मोजणाऱ्या, कुटुंबांतील ‘संबंधम’ या रूढीने चालणाऱ्या स्त्री-पुरुष संबंधाला कायद्याने विवाह मानावे का, हा प्रश्न होता. आयोगातच मतभेद झाले. शेवटी १८९६ चा कायदा नोंदणी ऐच्छिक ठेवून झाला आणि फारच थोड्या जोडप्यांनी त्याचा लाभ घेतला. विधवाविवाहाच्या चळवळीचेही ते पाठीराखे होते. मद्रासमध्ये त्या चळवळीची धुरा दिवाणबहादूर रघुनाथराव या तंजावरच्या मराठी गृहस्थांकडे होती.

१८७८ मध्ये अय्यर यांना सी.आय.ई. आणि १८९३ मध्ये के.सी.आय.ई. हे ब्रिटिश सरकारचे किताब मिळाले. १८९३ मध्येच सुमारे तीन महिने त्यांनी मद्रासच्या मुख्य न्यायाधीशपदाचे काम पाहिले. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. त्याच वर्षी महादेव गोविंद रानडे मुंबई उच्च न्यायालयावर नेमले गेले. १८९५ च्या जानेवारीत न्यायाधीशपदावर असतानाच अय्यर यांचे निधन झाले, आणि त्याच वर्षी एस. सुब्रमण्य अय्यर यांची उच्च न्यायालयावर नेमणूक झाली.