शून्यातून सृष्टी

ख्रिस्ती धर्मशास्त्रातली कल्पना, लॅटिन नाव 'क्रेआत्सिओ एक्स निहिलो'. देवाने जग केलं तेव्हा हाताशी काही मटेरियलच नव्हतं, असा अर्थ. कुंभाराला निदान माती तरी लागते, इथे तीही नाही. आपल्या दर्शनांच्या भाषेत निमित्तकारण (घडवणारा) आहे, उपादानकारण (ज्यातून घडतं ते द्रव्य) नाही. (बौद्धांच्या शून्याशी याची गल्लत करू नये.)

ही कल्पना आली कुठून यावर बराच वाद आहे. बायबलच्या पहिल्या वाक्यातच ('आरंभी देवाने आकाश आणि पृथ्वी केली') ती आहे असं पूर्वी सरळ धरून चालायचे, पण घोळ तिथल्या पहिल्याच हिब्रू शब्दात आहे. 'बारेशीथ' असता तर 'आरंभी' हा अर्थ पक्का झाला असता, पण परंपरेने वाचतात 'बरेशीथ', ज्याचा अर्थ 'अमक्याच्या आरंभी' असाही होतो, म्हणून अकराव्या शतकातला ज्यू भाष्यकार राशी याने 'देव निर्मिती करू लागला तेव्हा' असा अर्थ लावला, आणि मग पुढच्याच वाक्यातला तो अंधार, ते खोल पाणी आधीपासून होतंच की काय हा प्रश्न उरतो. २ मक्काबी या जुन्या ज्यू ग्रंथात (७:२८) एक आई मरणाच्या दारातल्या मुलाला सांगते की देवाने हे सगळं असलेल्या वस्तूंमधून केलं नाही. हा दाखला नेहमी देतात, पण ती बाई मुलाला धीर देतेय, तिथे सिद्धांत कशाला शोधायचा. जर्मन अभ्यासक गेरहार्ट माय यांनी १९७८ मधे मांडलं की सिद्धांत म्हणून हे साधारण दुसऱ्या शतकात, प्लेटोवाद्यांच्या अनादि द्रव्याशी आणि नॉस्टिक पंथांशी (जग कमी दर्जाच्या शक्तीने केलं असं मानणाऱ्यांशी) भांडता भांडता, अंत्युखियाचा बिशप थेओफिलस वगैरेंच्या हातून घट्ट झालं. सगळ्यांना ते मान्य नाही, पण त्याच शतकातल्या जस्टिन मार्टर या ख्रिस्ती विचारवंताला निराकार द्रव्यातून झालेली सृष्टी चालत होती, तेव्हा माय यांचंच जास्त पटतं.

बिग बँगने हे सिद्ध झालं असं लोक ठोकून देतात. १९५१ मधे पोप पायस बारावे यांनी जवळपास तसंच सुचवलं, पण त्या थिअरीचा जनक जॉर्ज लमेत्र, जो स्वतः पाद्री होता, त्यालाच ते रुचलं नाही. थॉमस अक्विनास या ख्रिस्ती धर्मपंडिताने तेराव्या शतकातच म्हटलं होतं की जग अनादि असलं तरी ते निर्मितच ठरेल, कारण निर्मिती म्हणजे आत्ता, या क्षणीसुद्धा टिकायला देव लागणं.

सृष्टीच्या या कल्पनेवरची पर्यावरणवाल्यांची चर्चा बहुतेक इतिहासकार लिन व्हाइट यांच्या १९६७ च्या लेखापासून धरतात. निसर्गाच्या नासाडीला पाश्चात्त्य ख्रिस्ती विचार बराच जबाबदार, असा त्यांचा आरोप. उलट बाजू अशी की सगळंच देवाचं तर माणूस मालक कसला. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात याच अंगाने बायबलच्या उत्पत्ती २:१५ मधली बागेची मशागत आणि राखण पुढे केलीय. १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ऑर्थोडॉक्स चर्चमधे १९८९ पासून, कॅथलिकांनी तो २०१५ मधे घेतला.