शस्त्र बाळगण्याच्या जुन्या दोषसिद्धींना आव्हान (अमेरिका)

शस्त्र बाळगल्याची शिक्षा कायम झाली, अपिले संपली आणि काही वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने त्याच कलमाचा वेगळा अर्थ लावला, तर जुनी दोषसिद्धी रद्द करून मागता येते का, हा अमेरिकेच्या संघीय कायद्यातला जुना वाद आहे. तत्त्व सरळ आहे. न्यायालय नवा कायदा करत नाही. कायद्याचा अर्थ पहिल्यापासून हाच होता, एवढेच सांगते. घोडे अडते ते मुदत आणि अर्जांच्या मर्यादेपाशी.

१९९५ च्या बेली खटल्यात अमली पदार्थांच्या गुन्ह्यात बंदुकीचा ‘वापर’ म्हणजे काय, हा प्रश्न होता. एका आरोपीचे पिस्तूल गाडीच्या डिकीत, तर दुसऱ्या प्रकरणातले कपाटातल्या कुलूपबंद पेटीत सापडले होते. नुसते जवळ असणे म्हणजे वापर नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. १९९८ मध्ये बौस्ली खटल्यात गुन्हा कबूल करून बसलेल्यांनाही, आपण खरोखर निर्दोष असल्याचे दाखवता आले तर, दाद मागण्याची वाट मिळाली. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने कलमात दुरुस्ती करून गुन्ह्याला हातभार लावण्यासाठी शस्त्र बाळगणेही त्यात घातले.

दरम्यान १९९६ च्या कायद्याने संघीय कैद्याच्या, दोषसिद्धीला आव्हान देणाऱ्या अर्जाला एक वर्षाची मुदत घातली. दुसरा अर्ज करायचा तर नवा, निर्णायक पुरावा हवा किंवा सर्वोच्च न्यायालयाने पूर्वलक्षी (जुन्या खटल्यांनाही लागू) ठरवलेला नवा घटनात्मक नियम. कलमाचा बदललेला अर्थ यांपैकी कशातच बसत नाही.

ही फट २०१९ च्या रेहाइफ निकालानंतर उघडी पडली. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या एका तरुणाला कमी गुणांमुळे विद्यापीठाने काढून टाकले, आणि त्याचा देशात राहण्याचा हक्क संपला. पुढे त्याने नेमबाजीच्या रेंजवर दोन बंदुका चालवल्या. शस्त्र हाती आहे हे ठाऊक असणे पुरेसे नाही. शस्त्रबंदी असलेल्या वर्गात (उदा. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले किंवा देशात बेकायदा राहणारे) आपण मोडतो हेही आरोपीला माहीत होते, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे, असे न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी म्हटले. तोवर बहुतेक अपील न्यायालये याच्या उलट सांगत आली होती. अर्थात, शिक्षा भोगून आलेल्याला आपण गुन्हेगार ठरलो होतो हे सहसा माहीत असतेच. २०२१ च्या ग्रीअर निकालाने नेमके हेच सांगून, खटल्यात हा आक्षेप न घेतलेल्यांची अपिले अवघड केली.

जोन्स वि. हेंड्रिक्स (२०२३) मधल्या कैद्याचे म्हणणे मात्र वेगळे होते: आपल्या जुन्या गुन्ह्याची नोंद पुसली गेली आहे, असे आपण समजत होतो. २००० साली दोषी ठरलेल्या या माणसाला २७ वर्षांहून अधिक शिक्षा झाली होती. पहिला अर्ज त्याने मुदतीत केला आणि त्यात अंशतः यशही मिळवले. तोच अर्ज पुढे आडवा आला, कारण नवा अर्ज आता दुसरा ठरत होता. रेहाइफच्या आधारे त्याने बंदीप्रत्यक्षीकरणाचा (हेबियस कॉर्पस, म्हणजे कैद कायदेशीर आहे का हे न्यायालयाकडून तपासून घेण्याचा) जुना मार्ग धरला. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो बंद केला. निकालाचे अंतिमत्व जपण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. पण ज्याच्या कृत्याला कदाचित गुन्हाच म्हणता येणार नाही, त्याने केवळ अर्ज आधी केला म्हणून आत राहावे, हे पटवून घेणे कठीण जाते.

आता अशा कैद्याला मुख्यतः राष्ट्राध्यक्षांच्या माफीचाच आधार उरतो. शिक्षा भोगून बाहेर पडलेल्यांसाठी ‘कोरम नोबिस’ ही, जुन्या निकालातली मूलभूत चूक दुरुस्त करून मागणारी, जुनी याचिका आहे. तिच्या अटी कडक आहेत.